दांडीचा लष्करी टूर्निकेट: खानदेशातल्या गाडीत, शेतात आणि आरोग्य केंद्रात किती उपयोगी?

जळगाव, धुळे, भुसावळ, कुठल्याही मेडिकल दुकानात टूर्निकेट मागितला की बहुतेक वेळा काउंटरवर येतो तो रक्ताचा नमुना घेताना दंडाला बांधायचा इलॅस्टिकचा पट्टा. त्याचं काम शीर फुगवायचं, रक्त थांबवायचं नाही. धमनी तुटलेल्या मांडीवर तो बांधला तर धमनीतून रक्त खाली येतच राहतं, परत जाणाऱ्या शिरा मात्र बंद होतात आणि रक्तस्राव वाढतो. त्यामुळे वस्तू कोणती ते आधी सांगतो. आपण बोलतोय दांडी पिळून आवळायच्या लष्करी पट्ट्याबद्दल: कॉम्बॅट ॲप्लिकेशन टूर्निकेट, सगळे त्याला ‘कॅट’ म्हणतात. सध्या त्याची सातवी आवृत्ती चालते. सोबत घ्यायची दाबपट्टी आणि जखमेत भरायचं गॉझ यांच्याबद्दल शेवटी थोडं.

आपल्याकडे याची गरज कुठे पडते? कुट्टी मशीनमध्ये गेलेला हात, मळणी यंत्रात ओढली गेलेली बाही, केळीचा घड उतरवताना पोटरीवर बसलेला विळा, आणि महामार्ग. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात आणि त्यांच्यावर रात्रंदिवस अवजड वाहतूक असते. मांडीतली मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. १०८ ची गाडी कितीही तत्पर असली तरी त्या मिनिटांत पोहोचणं तिच्या हातात नसतं. धडगाव, मोलगी, तोरणमाळकडे तर घाटात पावसाळ्यात दरड आली की रस्ताच राहत नाही, आणि काही पाड्यांवरून रुग्ण बांबूच्या झोळीतच खाली येतो.

टूर्निकेट काही नवा नाही. मधली कित्येक वर्षं डॉक्टरच त्याला घाबरायचे, कारण जुन्या युद्धांत पट्टा बांधलेला सैनिक तासन् तास तसाच पडून राहायचा आणि पाय कापावा लागायचा. अमेरिकी सैन्याने व्हिएतनामच्या अनुभवाचा फेरविचार केला, १९९६ मध्ये रणांगणातल्या उपचारांची नवी मार्गदर्शक तत्त्वं छापली गेली आणि पट्टा पुन्हा पहिल्या क्रमांकावर आला. बगदादच्या लष्करी रुग्णालयात २००६ मध्ये टूर्निकेट लावलेल्या २३२ रुग्णांची नोंद ठेवली गेली. शॉक, म्हणजे रक्त कमी पडून नाडी-बीपी ढासळणं, येण्याआधी ज्यांना पट्टा लागला त्यांच्यातले ९० टक्के वाचले. शॉक आल्यावर ज्यांना लागला त्यांच्यातले १० टक्के. पट्ट्यामुळे एकही हात किंवा पाय गमवावा लागला नाही. रक्त भरपूर जाऊन गेल्यावर बांधलेल्या पट्ट्याचा फारसा उपयोग नाही, हे या दोन आकड्यांतून घ्यायचं.

वस्तूकडे येऊ. पट्टा साधारण ३.८ सेंटिमीटर रुंद, पाऊणशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा. त्यावर वेल्क्रो, एका टोकाला बक्कल, मधे बोटाएवढी जाड खाचांची प्लास्टिकची दांडी, ती अडकवायची खोबण आणि वेळ लिहायची पांढरट पट्टी. आतून एक वेगळी फीत जाते. दांडी फिरली की पिळली जाते ती फीत आणि दाब गोलाकार सगळीकडे सारखा पडतो. रुंदी महत्त्वाची आहे. पट्टा जितका अरुंद, तितका धमनी बंद करायला जास्त दाब लागतो आणि तितकी नस (मज्जातंतू) चेपली जाते. सुतळी, दोर, वायर, चपलेचा बंद यांनी रक्त थांबण्याआधी कातडी आणि नसच चिरडते. गमछा निदान रुंद असतो, पण नुसती गाठ मारून मांडीची धमनी बंद होत नाही. त्यात काठी घालून पिळावं लागतं आणि ती काठी सुटू नये म्हणून पुन्हा बांधावी लागते. हाताशी काहीच नसेल तर तेही करावं. पण जखमेवर दोन्ही तळहातांनी, अंगाचं वजन टाकून दिलेला दाब हा अशा जुगाडापेक्षा बहुतेक वेळा सरस ठरतो.

आता नकली मालाबद्दल, कारण ऑनलाइन मागवणारे बहुतेक लोक इथेच फसतात. मूळ पट्टा भारतात येईपर्यंत काही हजारांत जातो; हुबेहूब दिसणारा काहीशे रुपयांत मिळतो. छाप, लाल टोक, पाकीट, सगळ्याची नक्कल होते, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. फरक पिळल्यावर कळतो. नकली पट्टा स्वतःच्या मांडीवर चढवून दांडी फिरवा. दुसऱ्या फेऱ्यालाच दांडी ओल्या काडीसारखी वाकायला लागते, खोबणीचे कान बाहेर फाकतात, आणि वेल्क्रो कडेने तर्रर्र आवाज करत सुटायला लागतं. पायाच्या घोट्यामागची नाडी मात्र चालूच असते. खऱ्याची दांडी वाकत नाही, वेल्क्रो सरकत नाही, आणि तळपायाकडची नाडी जाते. ही चाचणी काही सेकंदांतच आटोपायची, दुखतं तेवढं दुखू द्यायचं आणि लगेच सोडायचं. मधुमेही, पायात रक्ताची गाठ होऊन गेलेले किंवा पायाच्या धमन्यांचा आजार असलेले यांनी ती स्वतःवर करू नये. ज्याच्यावर चाचणी किंवा सराव झाला तो पट्टा पुन्हा गाडीत ठेवायचा नाही. कंपनी सरावासाठी निळ्या रंगाचा वेगळा पट्टा काढते तो याच कारणासाठी. म्हणजे एक घेऊन भागत नाही. दोन कामाचे आणि एक सरावाचा, असा हिशोब धरावा. तेवढं बजेट नसेल तर स्वस्तातले चार घेण्यापेक्षा अस्सल एकच घ्या.

लावायची पद्धत कागदावर चार ओळींची आहे, चुका मात्र बऱ्याच होतात. जखम दिसत असेल तर तिच्या वर, धडाच्या बाजूला, ५ ते ७ सेंटिमीटरवर. गुडघा किंवा कोपर यांवर कधीच नाही. कपड्यात रक्त कुठून येतंय ते कळत नसेल तर कपड्यावरूनच, हाता-पायाच्या मुळाशी जितकं वर जाईल तितकं वर. आधी त्या जागी हात फिरवून खिसा तपासा. मोबाइल, किल्ल्या, चुन्याची डबी पट्ट्याखाली राहिली तर दाब तिथेच अडतो. धोतराचा किंवा नऊवारीचा जाड घोळ असेल तर तो बाजूला ओढा किंवा कापा.

यानंतरची पायरी सगळ्यांत जास्त चुकते. दांडी हातात घेण्याआधी पट्टा बक्कलमधून ओढून इतका घट्ट करायचा की खाली तीन बोटांची टोकं शिरता कामा नयेत, आणि मग वेल्क्रो गोल चिकटवायचं. लोक पट्टा सैल ठेवतात आणि राहिलेलं काम दांडीवर सोडतात. मग दांडी पाच-सहा वेळा फिरते, आतल्या फितीची गुंडाळी होते, पट्टा मुडपतो आणि तरी रक्त चालूच. तीन फेऱ्यांहून जास्त लागले तर समजायचं की पट्टा ओढायचा राहिला. दांडी सोडून पुन्हा पहिल्यापासून. रक्त थांबलं आणि पट्ट्याखालची नाडी गेली, या दोन्ही गोष्टी झाल्या की दांडी खोबणीत, वरून पांढरी पट्टी, आणि त्यावर वेळ. पेन नसेल तर कपाळावर कशानेही. “साधारण नऊला बांधला” हे पुढच्या डॉक्टरला पुरत नाही, “९.१०” हवं. एकाने थांबत नसेल तर दुसरा त्याला लागून, शक्यतो वरच्या बाजूला. जाड मांडीला दोन लागणं अगदी सामान्य आहे.

रुग्ण ओरडेल. नीट बसलेला पट्टा भयंकर दुखतो आणि सोबतचे लोक “जरा ढिला करा हो” म्हणून हात धरतात. करायचा नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्टा सैल करून रक्त फिरू द्यावं, असं जुन्या प्रथमोपचाराच्या शिकवणीत होतं आणि गावाकडे अजून तेच सांगितलं जातं. असं दर वेळी सोडल्याने माणूस हप्त्याहप्त्याने रक्त गमावतो. पट्ट्यावर चादर किंवा गोधडीही टाकू नये. उतरवून घेणाऱ्या माणसाला तो दिसला पाहिजे.

आणि साप. कपाशीच्या, केळीच्या भागात हे ठळक सांगायलाच हवं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, कुठलाही असो, सर्पदंशावर हा पट्टा लावायचा नाही. विष त्याने अडत नाही. घोणस-फुरशाच्या दंशात आधीच सुजलेला भाग आणखी कुजतो, आणि घट्ट आवळलेलं एकदम सोडलं की प्रकृती झटक्यात बिघडू शकते. हात किंवा पाय फळीला हलका बांधून स्थिर ठेवायचा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. कुणी आधीच बांधून आणलं असेल तर सलाइन चालू करून, प्रतिविष हाताशी ठेवूनच सोडायचं. इतका चांगला पट्टा घरात आला की तो सापासाठी वापरला जाईल ही भीती खरी आहे, म्हणून पाकिटावर मार्करने ‘सापासाठी नाही’ लिहून ठेवा.

वस्तूचं मोल तिथे संपतं जिथे डॉक्टरचं शिक्षण सुरू होतं, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी हा पट्टा घेण्याचा विचार करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. एमबीबीएसचा विद्यार्थी टूर्निकेट पाहतो तो बहुधा शस्त्रक्रियागृहातला, हवेचा. दाब दाखवणारं यंत्र, भूल दिलेला रुग्ण, वरून दिवा, शेजारी सहायक. लष्करी डॉक्टरला हेच काम या सगळ्याशिवाय करायचं असतं. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातून आलेला असो की धुळे-जळगावच्या सरकारी महाविद्यालयातून शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर गेलेला, लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर केंद्रातलं मूलभूत प्रशिक्षण झालं की तो तरुण डॉक्टर एखाद्या पलटणीचा आरएमओ, म्हणजे पलटणीचा डॉक्टर, होतो. सुमारे आठशे माणसं, हाताखाली मोजके नर्सिंग असिस्टंट, आणि सल्ला विचारायला वरिष्ठ जवळ नाही. अक्राणी तालुक्यातल्या (धडगावकडच्या) आरोग्य केंद्रात बाँडवर आलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची परिस्थिती याहून फार वेगळी नसते. फरक हा की लष्करात त्या एकटेपणासाठी कवायत करून घेतात.

ती कवायत म्हणजे काय? पहिली गोष्ट, क्रम बदलणं. कॉलेजात श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण असा क्रम पाठ झालेला असतो. रणांगणावर ‘मार्च’ (इंग्रजी आद्याक्षरांवरून) चालतो: आधी मोठा रक्तस्राव, मग श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, आणि शेवटी अंग थंड पडणं व डोक्याची इजा. डॉक्टरचा हात सवयीने बीपीच्या पट्ट्याकडे किंवा सलाइनच्या सुईकडे जातो आणि तेवढ्यात रुग्ण रिकामा होतो. दुसरी गोष्ट, जागेनुसार उपचार. गोळीबार चालू असताना टूर्निकेट सोडून जवळपास काहीच करायचं नसतं. आडोसा मिळाल्यावर बाकीचं. रहदारी चालू असलेल्या महामार्गावर हाच नियम जसाच्या तसा लागू होतो: रुग्णाला रस्त्यावरून काढा, पट्टा लावा, उरलेलं साइडपट्टीच्या पलीकडे. तिसरी, हाताची सवय. एका मिनिटाच्या आत रक्त थांबलं पाहिजे, ही कसोटी. ती उजेडात, कोरड्या हातांनी पार करणं सोपं आहे. म्हणून सराव अंधारात, एका हाताने, साबणाच्या पाण्याने बुळबुळीत झालेल्या हातमोज्यांनी, धावून दम लागल्यावर करतात. आरोग्य केंद्रात महिन्यातून एक दुपार यासाठी काढली तर पुरते. परिचारिका, शिपाई, गाडीचा चालक, सगळ्यांनी एकमेकांच्या दंडावर आणि मांडीवर सरावाचा पट्टा लावायचा, आणि नाडी डॉक्टरने तपासायची. नाडी चालू असेल तर लावणारा नापास.

लष्करी डॉक्टरांपुढची मोठी अडचण अशी की शांततेच्या काळात हे हात गंजतात. पलटणीत रोज दिसतात ते सर्दी, मुरगळलेले घोटे, वैद्यकीय श्रेणीचे कागद, जवानांचे कुटुंबीय. प्रत्येक युद्धात शिकलेलं पुढच्या युद्धापर्यंत विसरलं जातं. ब्रिटिश नौदलाच्या एका सर्जनच्या नावाने याला ‘वॉकर डिप’ म्हणतात. अमेरिकी सैन्याने यावर उपाय म्हणून आपली पथकं लॉस एंजेलिस, बाल्टिमोर, मायामी अशा शहरांतल्या गर्दीच्या ट्रॉमा केंद्रांत सरावाला पाठवली. आमच्या मते उलटा प्रवाहही तितकाच गरजेचा आहे: महामार्गालगतच्या नागरी डॉक्टरांकडे जखमी भरपूर येतात, पण कवायत नाही.

जिथे डॉक्टर लागतोच ती पायरी म्हणजे पट्टा काढण्याचा निर्णय. दोन तासांच्या आत सहसा कायमचं नुकसान होत नाही. त्यामुळे रुग्णालय दोन तासांत गाठता येत असेल तर पट्टा तसाच ठेवून निघा. सातपुड्यातून नंदुरबारला यायला याहून जास्त वेळ लागू शकतो, आणि तिथे आरोग्य केंद्रातच पट्ट्याऐवजी दाबपट्टीवर जाता येतं का ते पाहावं लागतं. अटी तीन: रुग्ण शॉकमध्ये नाही, जखमेवर सतत नजर ठेवणारा माणूस आहे, आणि हात किंवा पाय पूर्ण तुटलेला नाही. पद्धत अशी. जखमेत गॉझ तळापर्यंत ठासून भरायचं, रक्तस्तंभक (रक्त लवकर गोठवणारं) गॉझ असेल तर किमान तीन मिनिटं आणि साधं असेल तर दहा मिनिटं दाबायचं, वरून दाबपट्टी. मग दांडी हळूहळू, थोडी थोडी सैल. रक्त आलं की लगेच पुन्हा आवळायचं आणि तसंच पाठवायचं. नाही आलं तर पट्टा सैल अवस्थेत जागेवरच ठेवायचा, काढून टाकायचा नाही. सहा तास उलटून गेलेले असतील तर बाहेर हातच लावू नये: मेलेल्या स्नायूंतून पोटॅशियम आणि आम्ल एकदम रक्तात येऊन हृदय बंद पडू शकतं. युक्रेनच्या युद्धात नेमकी हीच अडचण समोर आली. रुग्ण हलवायला उशीर, गरज नसताना लावलेले पट्टे, आणि वेळेत ते तपासणारं कुणी नाही, त्यातून वाचवता आले असते असे हात-पाय गेले. पाड्यावरच्या माणसाला लावायला शिकवायचं आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला काढायला शिकवायचं नाही, असं अर्धवट प्रशिक्षण त्यामुळे धोक्याचं.

केंद्रात डॉक्टर असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषधही लक्षात ठेवा. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावासाठी ते बऱ्याच ठिकाणी असतंच. १ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या दोन ॲम्प्यूल, दहा मिनिटांत शिरेतून, इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत. त्यानंतर दिलं तर नुकसान. इजेची वेळ लिहिलेली असण्याचा हा दुसरा फायदा.

पट्ट्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. २००१ ते २०११ मधल्या ४,५९६ अमेरिकी युद्धमृत्यूंचा अभ्यास झाला. त्यांतल्या, रुग्णालयाआधी झालेल्या पण वाचवता आले असते अशा मृत्यूंत बहुतेक रक्तस्रावाचे होते. त्या रक्तस्रावांत हाता-पायाचे १३.५ टक्के, जांघ-काख-मानेचे १९.२ टक्के, आणि छाती-पोटाचे ६७.३ टक्के. पोटात रक्त सांडत असेल तर हा पट्टा काही करू शकत नाही. तिथे सर्जन आणि रक्तच हवं, आणि गाडी लवकर हलवणं हाच उपचार. जांघ आणि काखेसाठी गॉझ भरणं शिका. कायटोसानचं (खेकडा-कोळंबीच्या कवचापासून काढलेल्या पदार्थाचं) रक्तस्तंभक गॉझ भारतातही बनतं, महाग आहे. ते नसेल तर ४ मीटरची साध्या गॉझची निर्जंतुक गुंडाळी नीट भरली तर चालते. वरून नुसता ठेवलेला कापूस चालत नाही. प्लास्टिकच्या दाबकडीची इस्रायली पद्धतीची पट्टी वापरायला सोपी आणि पैसे वसूल करणारी. पहिला वेढा कडीत अडकवून उलट दिशेला ओढायचा हे मात्र आधी करून पाहा, नाहीतर ती साध्या बँडेजसारखीच बांधली जाते.

आपल्या हवेत टिकतो का? अफगाणिस्तानात उघड्यावर वागवलेले पट्टे न वापरलेल्यांपेक्षा जास्त तुटतात आणि कमी काम करतात, असं चाचण्यांत दिसलं आहे. संशय ऊन आणि धुळीवर. जळगाव-भुसावळचा मे महिना आणि गाडीचा डॅशबोर्ड, म्हणजे त्याच परिस्थितीत ठेवणं. पट्टा सीटखाली, कापडी पिशवीत ठेवा. जिनिंगमध्ये आणि कापूस वेचणीच्या हंगामात वेल्क्रोच्या आकड्यांत सरकीची लव अडकते, केळीच्या बागेत चीक लागून वाळतो. दोन्हींनी पकड जाते आणि आवळताना पट्टा सुटतो. म्हणून प्लास्टिकच्या वेष्टनातून तो काढून, वेढा मोठा ठेवून, टोक दुमडून घडी घालायची आणि झिपच्या स्वच्छ पिशवीत घालून मग त्या कापडी पिशवीत ठेवायचा; रक्ताळलेल्या हातांनी कारखान्याचं वेष्टन फाटत नाही. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास, ऊन सगळ्यांत कडक असताना, एकदा उघडून पाहा. दांडीला पांढरट रेघा किंवा चीर दिसली, फीत खरखरीत झाली किंवा वेल्क्रोत लव भरलेली असली तर तो सरावाला टाका आणि नवा घ्या.